जळणारी माती

कोल्डशॉ गावात मधुमती सबनीस हे नाव कुणाला धड घेता येत नाही. तिथे ती मॅज आहे. हे नाव तिला विल्फ ग्रीनवुड नावाच्या म्हाताऱ्याने दिलं, बारा वर्षांपूर्वी, पहिल्याच भेटीत. तिला ते आवडलं नव्हतं. पण मँचेस्टर आणि लीड्सच्या मधल्या त्या डोंगरी पट्ट्यात एकदा नाव पडलं की पडलं. पोस्टमन, पबवाली बाई, मेंढ्या राखणारे शेतकरी, सगळ्यांच्या तोंडी मॅज. घरी नवरा तेवढा मधू म्हणतो.

वय बावन्न. कोल्हापूरला वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. करून, लग्न होऊन ती इंग्लंडला आली. अनुपची नोकरी लीड्समधल्या एका बँकेच्या आयटी विभागात. मधुमतीने पंधरा वर्षं एका शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतली आणि परीक्षानळ्या मोजल्या. चाळिशीला आली तेव्हा गावाच्या डोक्यावरच्या मूरची देखभाल करणाऱ्या संस्थेत रेंजरची जागा निघाली. तिने अर्ज केला आणि नोकरी मिळाली. तेव्हापासून बूट चिखलाचे, हात हिवाळाभर फुटलेले, आणि एरवी गप्प असणारी मधुमती या एका विषयावर तासभर बोलू शकते.

मूर म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं रान. झाड जवळपास नाहीच. हेदरची गुडघाभर उंच झुडपं, राठ गवत आणि वारा. वरून बघणाऱ्याला वाटतं, हे एक ओसाड माळरान. पण त्याच्या खाली दोन-दोन पुरुष खोल पीट आहे. शेवाळ आणि गवत पाण्यात पडून, अर्धवट कुजून, हजारो वर्षं एकावर एक साचत गेलं की ही काळी माती होते. एक वीत माती व्हायला दोनशे वर्षं लागतात. ती ओली आहे तोवर स्पंजासारखी पाणी धरून ठेवते. वाळली की मात्र तिचा भरवसा नाही. आणि कोल्डशॉची मूर गेली दीडशे वर्षं वाळत होती, कारण जुन्या लोकांनी मेंढ्यांना चरायला कोरडी जमीन हवी म्हणून जागोजागी चर खणून पाणी खाली काढून दिलं होतं.

मधुमतीचं काम त्याच्या उलट. चरांमध्ये दगडांचे बांध घालायचे, पाणी अडवायचं, आणि उघड्या पडलेल्या काळ्या जमिनीत शेवाळाचे मुठीएवढे गड्डे हाताने लावायचे. पूर्वेची बाजू आठ वर्षांत ओली झाली. पश्चिमेला वरच्या खोलगट भागात चार वर्षं स्वयंसेवक घेऊन तिने शेवाळ लावलं होतं. तिथले बांध मात्र व्हायचे होते. ते येत्या ऑक्टोबरात होणार होते.

विल्फचं आणि तिचं यावरून कधीच पटलं नाही. विल्फ शेजारच्या शिकारीच्या इस्टेटीवर पन्नास वर्षं रखवालदार. त्याचं म्हणणं, हेदर म्हातारी झाली की हिवाळ्यात थोडी थोडी पट्ट्यापट्ट्याने आपणच जाळायची, म्हणजे उन्हाळ्यात मोठ्या आगीला खायला काही उरत नाही. त्याच्या बापानेही तेच केलं होतं. मधुमती म्हणायची, "विल्फ, जमीन ओली ठेव, मग जाळायलाच नको." विल्फ पाइप दातात धरून म्हणायचा, "मॅज, देव रोज पाऊस पाडेल असं तुला लिहून दिलंय का?" बैठकांमध्ये दोघे समोरासमोर बसायचे. पण बर्फात तिची गाडी अडकली की ट्रॅक्टर घेऊन यायचा तो विल्फच.

त्या वर्षी, दोन हजार पंचवीसच्या वसंतात, पाऊस खरंच आला नाही. मार्च कोरडा गेला. एप्रिलच्या मध्यावर मधुमती हेदरची काडी मोडून बघायची तर ती तुटताना कट्कन वाजायची. रेंजर लोकांच्या सुट्ट्या रद्द झाल्या. गाड्या उभ्या करायच्या जागी आगबंदीचे लाल फलक लागले. नेमक्या त्याच ईस्टरला एजवेअरहून दीर-जाऊ यायचे होते.

दीनानाथ सबनीस अनुपचे मोठे भाऊ. सगळे त्यांना दादा म्हणतात, मधुमतीही. अनुप अकरा वर्षांचा असताना वडील गेले. दादा तेव्हा नुकतेच लंडनला लागले होते. त्यांनी धाकट्या भावाला तिथून शिकवलं, मग बोलावून घेतलं, आपल्या एजवेअरच्या दोन खोल्यांत ठेवलं. एकतीस वर्षं त्यांनी लंडनच्या भुयारी रेल्वेत सिग्नल दुरुस्तीचं काम केलं आणि एकदाही त्यांच्या हातून चूक झाल्याची नोंद झाली नाही. घराबाहेर पडताना गॅसचं बटण दोनदा बघणारा माणूस. कुलूप लावून परत ओढून बघणारा. सत्तरी आली तरी सवय गेली नव्हती.

शुक्रवारी दादा, श्यामलावहिनी आणि त्यांच्या दोन नाती, अन्वी आणि तनू, गाडीने आले. अन्वी नऊ वर्षांची, तनू सहा. दादांचा मुलगा आणि सून कामामुळे मागे राहिले होते. घर भरलं. पण मधुमती सकाळी सातला बाहेर पडायची ती अंधार पडताना परत यायची. सुट्टीच्या गर्दीत लोक मूरवर काय काय पेटवतील याचा नेम नव्हता. शनिवारी एकट्या तिने पूर्वेच्या बाजूला चार कुटुंबांना बार्बेक्यू विझवायला लावले. दोघांनी शिव्या दिल्या.

त्याच शनिवारी दादा नातींना घेऊन घरामागच्या वाटेने मूरवर गेले. ती वाट गावातल्या लोकांनाच माहीत. तिथे फलक नव्हता. आदल्या दिवशी येताना सुपरमार्केटमध्ये दादांना मक्याची कणसं दिसली होती, आणि शेल्फवर पत्र्याचा तो छोटा बार्बेक्यू, एकदा वापरून टाकून द्यायचा. नातींना त्यांनी कबूल केलं, "चला, वर जाऊन कणसं भाजू. माझ्या लहानपणी आम्ही शेताच्या बांधावर बसून खायचो." श्यामलावहिनींनी स्टीलच्या डबीत तिखट-मीठ दिलं, एक लिंबू दिलं. रात्री जेवताना पोरींनी मावळतीचा सूर्य सांगितला, मेंढ्या सांगितल्या. कणसांचं कुणी सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. मधुमती इतकी थकली होती की ताटावरच तिचे डोळे मिटत होते.

सोमवारी सकाळी पाहुणे निघाले. निघताना श्यामलावहिनी स्वयंपाकघरात डबी शोधत होत्या. "असू दे गं, सापडली की ठेव," म्हणाल्या.

मंगळवारी दुपारी वारा फिरला. एक वाजून गेला होता. मधुमती डेपोत डबा खात होती तेव्हा विल्फचा फोन आला. तो फोनवर कधीच दोन वाक्यांपलीकडे बोलत नसे. तो म्हणाला, "पश्चिमेला धूर आहे. काळा नाही, पिवळा." आणि ठेवला.

पिवळा धूर म्हणजे पीट.

ती पोचली तोवर ज्वाळा माणसाच्या उंचीच्या झाल्या होत्या. वणवा पळतो असं म्हणतात. मधुमतीने तो त्या दिवशी पळताना पाहिला. वाऱ्याचा एक झोत आला की समोरचा हेदरचा अख्खा पट्टा एकदम पेटायचा, कुणीतरी चादर ओढावी तसा. फायर ब्रिगेडच्या गाड्या वर येऊ शकत नव्हत्या. पाण्याच्या बादल्या लटकवलेलं हेलिकॉप्टर चारला आलं. तोवर तीस-पस्तीस माणसं लांब दांड्याच्या रबरी झोडप्यांनी आगीची कड झोडपत होती. रेंजर होते, शेतकरी होते, इस्टेटीवरचे लोक होते. मधुमतीच्या शेजारी विल्फ. एकाहत्तर वर्षांचा माणूस तोंडाला ओला रुमाल बांधून एका लयीत झोडपत होता. मार, दाब, उचल. मार, दाब, उचल.

"मागे हो मॅज," तो मध्येच ओरडला. "तिथे पाय देऊ नकोस. खाली पोकळ आहे."

ती जिथे पाऊल टाकणार होती तिथली जमीन वरून शाबूत दिसत होती. विल्फने दांडा खुपसला. वरचा थर खचला आणि आत लाल निखारे दिसले. आग जमिनीच्या पोटातून पुढे गेली होती.

चार दिवस हे चाललं. आग पूर्वेला गेली ती मधुमतीच्या बांधांपाशी थांबली. ओल्या शेवाळावर येऊन ती नुसती फुसफुसली. उत्तरेला विल्फने तीन हिवाळ्यांपूर्वी जाळलेला पट्टा होता, तिथे हेदर अजून बोटभर वाढलेली. तिथेही ती अडली. कोण बरोबर आणि कोण चूक हे बोलायला कुणाच्या अंगात त्राण नव्हतं. पण पश्चिमेचा सगळा उतार गेला. वरचा खोलगट भाग गेला. चार वर्षं गुडघ्यांवर बसून लावलेलं शेवाळ गेलं. एप्रिलमध्ये जमिनीवर अंडी घालणारे कर्ल्यू पक्षी दोन दिवस धुराच्या वर घिरट्या घालत ओरडत होते. तिसऱ्या दिवशी ते दिसले नाहीत.

शुक्रवारी संध्याकाळी मधुमती त्या भागात एकटीच गेली. राख घोट्यापर्यंत होती. ती रडली नाही. खाली बसली आणि काळ्या जमिनीत बोटं घालून बघत राहिली, मुळं कुठे जिवंत आहेत का.

शनिवारी फायर ब्रिगेडचा तपास अधिकारी आला. आग कुठून सुरू झाली हे शोधायचं म्हणजे राखेत उलट चालत जायचं. कुठली काडी कुठल्या बाजूने जळली, दगडाची कुठली बाजू काळी झाली, हे बघत बघत तो आणि मधुमती एका जुन्या दगडी गडग्यापाशी आले. गडग्याच्या पायथ्याशी परातीएवढा खड्डा होता, आत हात बुडेल इतका खोल. अधिकाऱ्याने चिमट्याने एक एक वस्तू वर काढली. बार्बेक्यूच्या पत्र्याचा वितळलेला कोपरा. मक्याची तीन करपलेली बुरकुंडं. मग गडग्याच्या फटीतून त्याने एक लहान गोल डबी काढली. धुराने काळी पडली होती, पण स्टील जळत नाही. त्याने झाकण उघडलं. आत लाल-पांढरी भुकटी होती.

"हे काय असेल?" त्याने विचारलं.

मधुमतीने डबी बघितली. त्याच सहा डब्यांच्या सेटमधल्या तीन डब्या तिच्या स्वतःच्या फडताळात होत्या. श्यामलावहिनींनीच एका दिवाळीला तीन तीन वाटून घेतल्या होत्या.

"मीठ असावं," ती म्हणाली.

ते खोटंही नव्हतं आणि खरंही नव्हतं. अधिकाऱ्याने डबी पिशवीत घातली, चिठ्ठी चिकटवली. "कुणीतरी सहलीला आलेलं," तो म्हणाला. "निखारे पुरून गेले. दोन-तीन दिवस आत धुमसत राहिलं असणार. काळजी घेतली होती बिचाऱ्यांनी. नावं काही मिळायची नाहीत आपल्याला."

ती घरी आली. अनुप बागेत होता. त्याला काही न सांगता ती अंघोळीला गेली आणि अर्धा तास पाणी सोडून नुसती उभी राहिली. बारा वर्षं तिने परक्यांना सांगितलं होतं. शाळांमध्ये जाऊन सांगितलं, पार्किंगमध्ये उभं राहून सांगितलं, शिव्या खाऊन सांगितलं. आणि आपल्या स्वयंपाकघरात चहा घेत बसलेल्या माणसाला ती एका शब्दाने बोलली नव्हती. दादांना काय सांगायचं, असंच तिला वाटलं होतं. दादा तर गॅसचं बटण दोनदा बघणारे.

रविवारचा दिवस तिने तसाच घालवला. तो दिवस तिला पुढे सगळ्यात जास्त बोचला, कारण त्या दिवशी तिने खरोखर विचार केला की गप्प बसावं. सोमवारी सकाळी तिने एजवेअरला फोन लावला. फोन अन्वीने उचलला. आईबाबा लवकर कामावर गेले की ती आजी-आजोबांकडे असायची.

"अन्वी, तुम्ही मूरवर कणसं भाजली होती का गं?"

"हो काकूआजी! इट वॉज सो यमी. तनूने दोन खाल्ला."

"मग निखारे... ते गरम कोळसे, त्यांचं काय केलं?"

"आजोबांनी मोठा होल केला. सगळा पाणी ओतला, आमची बॉटल पण. मग वरती माती टाकला आणि आम्ही सगळ्यांनी स्टॅम्प केलं. का?"

"काही नाही बाळा. आजोबांना दे."

दादा फोनवर आले. मधुमतीने सांगितलं. घाईने नाही, एक एक गोष्ट. खड्डा, बुरकुंडं, डबी.

"मी माती टाकली होती मधू," दादा म्हणाले. "चांगली वीतभर. पायाने दाबली. हात लावून बघितलं, गार होती."

"दादा, इथली माती जळते."

"म्हणजे?"

"ती मातीच नाही तशी. वाळलेलं शेवाळ आहे, जळणच आहे. तुम्ही निखारे जळणात पुरले."

मग दादांनी विचारलं, "कुणाला इजा?"

"माणसाला नाही."

"किती जळलं?"

तिने सांगितलं. पाचशे एकर. त्यांनी "पाचशे" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.

संध्याकाळी अनुपला कळलं ते दादांकडूनच. तो वर आला तेव्हा मधुमती बूट पुसत होती. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. त्या सत्तावीस वर्षांत तो तिच्यावर आवाज चढवून बोलला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. तेच तिला जड गेलं.

"तो ऑफिसर म्हणाला ना, नावं मिळणार नाहीत?"

"म्हणाला."

"मग?"

"मला माहीत आहे ना अनुप."

"दादा सत्तर वर्षांचा आहे. त्याने मुद्दाम केलं का? पाणी टाकलं, माती टाकली. अजून काय करायला हवं होतं त्याने? तू सांगितलं होतंस का त्याला एकदा तरी?"

"नाही सांगितलं."

"मग तुझी पण चूक आहे."

"आहे. तेही सांगणार आहे."

अनुप पायरीवर बसला. "त्याने मला वाढवलंय, मधू," तो म्हणाला. दादांनी या माणसाला वाढवलं नसतं तर आपण आज इथे नसतो, हे तिलाही माहीत होतं. ती बूट पुसत राहिली, ते स्वच्छ झाल्यावरही.

रात्र पडायच्या आत दादांचा पुन्हा फोन आला. आवाज अगदी कामावरचा. "मी उद्या पहिल्या ट्रेनने येतोय. तू तुझ्या साहेबांना सांग की जबाब द्यायला एक माणूस येतोय. नाव सांगू नकोस. नाव मी सांगेन."

मागून श्यामलावहिनींचा आवाज आला. त्या रडत नव्हत्या, चिडल्या होत्या. "घरच्या माणसाला पोलिसांत नेऊन उभं करायचं! माझी डबी ओळखली ना तिने? मग उचलून खिशात नाही टाकता आली?" फोन बंद झाला.

मंगळवारी अकराला मधुमती त्यांना स्टेशनवर घ्यायला गेली. दादा इस्त्रीचा शर्ट, कोट आणि टाय घालून आले होते. निवृत्त झाले त्या दिवशीचा तो कोट. अनुप गाडीत मागे बसला होता. तिघे संस्थेच्या कार्यालयात गेले. फायर ब्रिगेडचा अधिकारी आला, एक पोलीस बाई आल्या. दादांनी सगळं सांगितलं, वेळेसकट. खड्डा किती खोल, पाणी किती लिटर, निघाले किती वाजता. अधिकाऱ्याने मध्येच सांगितलं की हे मुद्दाम केलेलं नाही हे दिसतंच आहे. दादा म्हणाले, "तुम्ही कृपया लिहा. मी सिग्नलच्या खात्यात होतो. तिथे मुद्दाम केलं का हे नंतर विचारतात. आधी काय झालं ते लिहितात."

नंतर मधुमतीने आपल्या साहेबांना, हेलनला, डबीचं सांगितलं. दोन दिवस गप्प राहिल्याचंही. हेलनने ते ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. मधुमतीच्या नावावर लेखी समज आली. घरामागच्या वाटेवर फलक का नव्हता, हा प्रश्न संस्थेने स्वतःला विचारला. दादांना लेखी ताकीद मिळाली. प्रकरण तिथे संपलं, कागदावर.

दादा म्हणाले, "मला ते बघायचंय."

गुडघे दुखत असताना ते चढले. टाय सैल केला नाही. वाटेत दोनदा थांबले. गडग्यापाशी पोचल्यावर त्यांनी समोर पाहिलं. डोळे जातील तिथवर काळं. वाऱ्याने राखेचे लोट उठत होते. पलीकडच्या चरापाशी विल्फ पाण्याच्या पाइपने अजून धुमसणाऱ्या जागा शोधत होता. त्याने मधुमतीला हात केला. दादांनी विचारलं, कोण. तिने सांगितलं. दादा सरळ त्याच्याकडे चालत गेले, मधुमती मागे.

"मी दीनानाथ सबनीस," दादा इंग्रजीत म्हणाले. "ही आग माझ्या हातून लागली."

विल्फने पाइप खाली टाकला. तो दादांकडे पाहत राहिला. मधुमतीला भीती वाटली. विल्फचा राग तिने बैठकांत बघितला होता. पण त्याने दादांचा हात मनगटाशी धरला, वाकायला लावलं आणि तळवा जमिनीवर टेकवला. दादांनी हात मागे घेतला नाही. आठवडा झाला होता, तरी जमीन गरम होती.

"मी मनात ठरवलं होतं," विल्फ म्हणाला, "तो माणूस भेटला तर काय काय बोलायचं. रोज नवीन शिवी तयार करत होतो."

"बोला," दादा म्हणाले.

विल्फ बराच वेळ दमासाठी थांबला. धुराने त्याची छाती अजून घरघरत होती. "नाही," तो म्हणाला. "तुमच्याकडे बघून नाही जमत." मग त्याने पाइप उचलला आणि पाठ फिरवली. माफ केलं असं तो म्हणाला नाही. तेव्हा नाही आणि नंतरही नाही.

उतरताना दादा एकदाच बोलले. "हे परत व्हायला किती लागेल?"

"हेदर यायला दहा-पंधरा वर्षं," मधुमती म्हणाली. "माती जळली ती आपल्या हयातीत नाही. आपल्या नातवंडांच्याही नाही."

त्यांनी मान हलवली, एखादं मोजमाप ऐकल्यासारखी.

त्यानंतरचं वर्ष घरात शांततेत गेलं, पण ती बरी शांतता नव्हती. अनुप बोलायचा, हसायचाही, पण मूरचं नाव निघालं की उठून जायचा. श्यामलावहिनींनी फोन करणं बंद केलं. गणपतीला एजवेअरला जायचं राहिलं. आणि जुलैत विल्फला दवाखान्यात ठेवावं लागलं. परत आला तेव्हा डॉक्टरांनी डोंगर बंद केला होता. तो आता लँड रोव्हरमध्ये बसून खालूनच बघायचा. ऑक्टोबरात पश्चिमेच्या चरांवर बांध घालायला सुरुवात झाली. पहिल्या रविवारी मधुमती दगड उचलत होती. मागून कुणीतरी दगडाची दुसरी बाजू धरली. अनुप होता. नवे, स्वच्छ बूट घालून आलेला. संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून एक बांध पुरा केला.

लंडनच्या हॅरो भागातल्या मराठी मंडळात संक्रांतीच्या कार्यक्रमात दादा उठून उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांपुढे ते सांगितलं. कुणी सुचवलं नव्हतं. मधुमतीला हे एका ओळखीच्या बाईकडून कळलं. "सभागृहात इतकी शांतता, विचारू नकोस," ती म्हणाली. "आणि श्यामलाताई मध्येच उठून गेल्या."

मग एप्रिल आला, पुन्हा कोरडा. दादा एका बॅगेनिशी दारात उभे राहिले. "पाऊस पडेपर्यंत राहू का?" त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवसापासून ते घरामागच्या वाटेच्या तोंडाशी घडीच्या खुर्चीत बसू लागले. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. मधुमतीने त्यांना संस्थेचं पिवळं जाकीट आणून दिलं. येणाऱ्या-जाणाऱ्याची पिशवी ते तपासत नसत. उठून उभे राहत, नमस्कार करत आणि आपण गेल्या वर्षी काय केलं ते दोन मिनिटांत सांगत. बहुतेक लोक ऐकून घेत. एका टोळक्याने त्यांची खुर्ची उलटी करून चरात टाकली. ते त्यांनी घरी सांगितलं नाही. विल्फने ती खुर्ची गाडीत घालून आणून दिली, दारात ठेवली, दादांना मानेनेच खूण केली आणि निघून गेला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी घरातला फोन वाजला. मधुमती जेवायला आली होती. पलीकडे श्यामलावहिनी. तेरा महिन्यांनी.

"हे बीपीची गोळी घेतात का वेळेवर?"

"घेतात वहिनी. मी सकाळी हातावर ठेवते."

"उन्हात टोपी?"

"घालतात."

"गुडघ्याला तेल लावायला सांग रोज. सांगितल्याशिवाय लावणार नाहीत."

"सांगते."

पलीकडे एजवेअरच्या रस्त्यावरून बस गेल्याचा आवाज आला. मधुमतीला वाटलं, वहिनी अजून काही म्हणतील. ती फोन कानाला धरून उभी राहिली.

"बरं, ठेवते," श्यामलावहिनी म्हणाल्या.